ठरली की ठरवली?

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. १९९३ ची दहावीची बॅच. नाव लिहीत नाही, कारण "बाई, लिहायचं तर लिहा, पण माझं नाव नको" अशी तिची अट आहे. या मुलीचं सगळं असंच असतं, ते पुढे येईलच. (मुलगी म्हणतेय मी, पण ती आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आम्हा शिक्षकांना आमची मुलं कधी मोठी झालेली दिसत नाहीत.)

चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने पिशवीतून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. २००६ ते २०२५ अशी एकोणीस वर्षं ती चिंचवडच्या एका कारखान्यात मॅनेजिंग डायरेक्टरांची असिस्टंट होती. आधी 'सेक्रेटरी' म्हणायचे, मध्येच कधीतरी 'एक्झिक्युटिव्ह असिस्टंट' झालं, काम तेच राहिलं. मोठे साहेब निवृत्त झाले, धाकट्यांनी कारभार घेतला आणि "मला असिस्टंटची गरज नाही, माझं सगळं फोनवरच असतं" असं सांगून तीन महिन्यांचा पगार हातात ठेवला. मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून सहा वर्षांचे, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात हे बसत नाही. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या होत्या. दोन्हीकडून "कळवतो" म्हणाले, आणि कळवलं नाही.

"काय विचारलं गं?"

"स्वतःबद्दल सांगा म्हणाले."

"मग?"

"सांगितलं की मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वेळेवर येते. साहेबांचं सगळं बघायचे."

साहेबांचं सगळं बघायचे! एकोणीस वर्षं तीन शब्दांत संपली.

मी जरा रागावलेच. "अगं, इतकंच का सांगितलंस?" तर ती हसून म्हणाली, "बाई, तुम्हीच माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं ना, शांत, आज्ञाधारक, अक्षर सुंदर."

मला आठवत नव्हतं. तिला बत्तीस वर्षांनंतर आठवत होतं. रात्री मला झोप लागेना. हा शेरा मी किती मुलींच्या पुस्तकात लिहिला असेल? मुलग्यांना 'हुशार पण चंचल', 'नेतृत्वगुण आहेत' आणि मुलींना 'शांत'. शिवाय निबंधात फार वेळा 'मी' आला की मी लाल शाईने गोल करायची आणि समासात लिहायची, 'मी मी नको'. समर्थांनी मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्यात बसवलंय, ते तर मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगायची. तिने ते मनापासून ऐकलं, आणि आता त्याचे हे असे मार्क मिळत होते.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि सांगितलं की रोज दुपारी तीनला यायचं. काय शिकवणार होते मी? कॉर्पोरेट जग मी पाहिलेलं नाही. माझं बी. ए. मराठी माध्यमातून, इंग्रजी वाचायला येतं, बोलताना अजून अडखळते. पण एखाद्याला स्वतःबद्दल चार नीट वाक्यं सांगता येत नसतील तर तो प्रश्न भाषेचा आहे, आणि तो माझा विषय आहे, एवढं मला कळत होतं.

आमच्या ताईच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मॅट्रिक झाल्यावर गिरगावातल्या क्लासात टायपिंग आणि शॉर्टहँड शिकली, सरकारी कमर्शियल सर्टिफिकेटच्या परीक्षा दिल्या आणि फोर्टातल्या एका ऑफिसात स्टेनो म्हणून लागली. तिची मुलाखत म्हणजे काय, तर साहेबांनी मजकूर सांगितला, तिने पिटमनच्या रेघोट्यांत उतरवून घेतला आणि मशीनवर बसून टाईप करून दिला. चुका मोजल्या, वेळ पाहिली, संपलं. मिनिटाला शंभर शब्द शॉर्टहँड, चाळीस टायपिंग. तिला स्वतःविषयी एक अक्षर बोलावं लागलं नाही. घड्याळ आणि रेमिंग्टन तिच्या वतीने बोलले.

आता ते आकडे गेले. टायपिंग सगळ्यांनाच येतं, डिक्टेशन फोन घेतो. या कामात जे उरलं आहे ते घड्याळाने मोजता येत नाही. म्हणजे पूर्वी जे यंत्र सांगायचं ते आता माणसाने तोंडाने सांगायचं आहे, आणि नेमकं तेच आपण मुलींना शिकवलेलं नाही. तुम्ही म्हणाल, यात मुलींचंच काय? बरोबर आहे, हे काम करणारे पुरुषही असतात. पण माझ्यासमोर ती बसली होती.

पहिल्या दुपारी मी तिला म्हटलं, जुन्या डायऱ्या आण. तिच्याकडे त्या होत्या. साहेबांच्या नव्हेत हं, त्या ऑफिसातच राहिल्या. स्वतःच्या, रोजच्या कामाच्या खुणा करायच्या छोट्या वह्या. मला एकदम महादेवभाई देसाई आठवले. १९१७ पासून पंचवीस वर्षं गांधीजींचे सचिव, आत्मकथेचं इंग्रजी भाषांतर त्यांचं, आणि रोजच्या डायऱ्या लिहिल्या त्या बापूंच्या दिवसांच्या. १५ ऑगस्ट १९४२ ला इथे आपल्या पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गेले. तिथे कस्तुरबांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. शाळेची सहल नेली की मुलं विचारायची, "बाई, हे दुसरे कोण?" आणि मीही एका वाक्यात उरकायची, "गांधीजींचे सेक्रेटरी होते." म्हणजे मीसुद्धा 'साहेबांचं सगळं बघायचे' याच जातीचं वाक्य वर्षानुवर्षं सांगत होते की!

असो. तर डायऱ्या उघडल्या. मी एकच प्रश्न ठरवला होता. कुठलंही पान उघडायचं आणि विचारायचं, "या दिवशी तू रजेवर असतीस तर काय बिघडलं असतं?"

आधी ती म्हणायची, "काही नाही, कोणीतरी केलंच असतं." मग विचार करायला लागली, आणि मग हळूहळू जे बाहेर पडायला लागलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं.

एका पानावर फक्त 'पासपोर्ट' एवढाच शब्द. साहेब जर्मनीला प्रदर्शनासाठी जाणार होते, तिकिटं झालेली. हिने सहज पासपोर्टची तारीख पाहिली. मुदत संपलेली नव्हती, पण शेंगेन व्हिसाचा नियम असा की तिथून परत निघायच्या तारखेनंतरही निदान तीन महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे. साहेबांचा दोनच महिने उरत होता. हिने त्याच दिवशी तत्काळमध्ये नूतनीकरणाचा अर्ज भरला, साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्ट ऑफिसात नेऊन बसवलं, व्हिसाची तारीख पुढची घेतली. साहेब वेळेवर गेले. त्यांना वाटलं असेल, पासपोर्टचं एक काम होतं, झालं.

दुसऱ्या पानावर संचालक मंडळाची बैठक. कंपनी कायद्याप्रमाणे, म्हणजे २०१३ चा जो आहे त्याप्रमाणे, वर्षात निदान चार बैठका व्हाव्या लागतात, दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि सूचना सात दिवस आधी जावी लागते. नोटीस काढायचं काम कंपनी सेक्रेटरीचं. पण पाच संचालक, तीन शहरांत, एकाचं डोळ्याचं ऑपरेशन, दुसऱ्याच्या घरी लग्न, आणि १२० दिवस तर संपत आलेले. या सगळ्यांना एका तारखेवर आणायचं काम हिचं. मी म्हटलं, "हे मुलाखतीत सांगितलंस?" तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं, मीटिंग ठरली."

इथे मला माझा विषय सापडला.

"मीटिंग ठरली. की तू ठरवलीस?"

मग आम्ही तिची वाक्यं कागदावर उतरवली. मीटिंग ठरली. पासपोर्टचं जमलं. तो घोळ टळला. माणसं भेटली. काम झालं. पाहा, एकाही वाक्यात ती नाही! मराठीत ही सोय फार आहे. ठरणं-ठरवणं, जमणं-जमवणं, टळणं-टाळणं, सुटणं-सोडवणं, वाचणं-वाचवणं. पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप घडते, पाऊस पडतो तशी. दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतं. आपल्या बायका आयुष्यभर पहिली क्रियापदं वापरतात. स्वयंपाक झाला, मुलं मार्गी लागली, घर उभं राहिलं. झालं, लागली, राहिलं... कोणी केलं म्हणाल तर कोणीच नाही!

तिची मुलाखत इंग्रजीत असते हे मला माहीत आहे. पण विचार ती मराठीत करते, आणि इंग्रजीतही नेमकी तशीच बोलत होती, सगळं आपोआप घडल्यासारखं. म्हणून आम्ही आधी मराठीत पाढे म्हटले. मी एक वाक्य बोलायचं, तिने फिरवायचं. "तिकीट बदललं." "मी तिकीट बदलून घेतलं." "साहेबांची दुपार मोकळी राहिली." "मी साहेबांची दुपार मोकळी ठेवली." आठवीच्या वर्गासारखं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "प्रयोग ओळखा चाललंय का?"

आणि समर्थांचं काय, असं तिने एकदा विचारलंच. मी रात्रभर विचार केला होता, म्हणून उत्तर तयार होतं. स्तुती असते विशेषणांची. मेहनती, प्रामाणिक, कार्यक्षम, ही स्तुती, आणि ती तू केलीसच मागच्या दोन मुलाखतींत! 'त्या दिवशी हे असं होतं, मी हे केलं, त्यातून हे झालं' हा वृत्तांत. वृत्तांत सांगणारा मूर्ख नव्हे. मुलाखत घेणाऱ्याला विशेषणांवर विश्वास ठेवावा लागतो, वृत्तांत त्याला स्वतः जोखता येतो. माझा भाचा मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात आहे. तो म्हणाला, "मावशी, याला आमच्याकडे स्टार पद्धत म्हणतात." परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो स्टार. म्हटलं, बाबा, आम्ही याला प्रसंगलेखन म्हणायचो आणि दहा मार्कांना विचारायचो.

भाच्याशी माझा एका बाबतीत मात्र वाद झाला. तो म्हणाला, तिला सांग, 'मी स्ट्रॅटेजिक पार्टनर होते' असं म्हण, 'व्हॅल्यू अ‍ॅडिशन' म्हण, असे शब्द लागतात. मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. जी बाई आतापर्यंत स्वतःला एक पायरी खाली उभी करत होती तिला एकदम चार पायऱ्या वर चढवलं तर तिला तिथे घेरी येईल, आणि समोरच्याला ते दिसेल. शिवाय पार्टनर नव्हतीच ती. पार्टनर असती तर तीन महिन्यांच्या पगारावर घरी आली असती का? ती जे होती ते पुरेसं आहे, फक्त ते पूर्ण सांगायचं. नेमका आकडा असेल तर तो घालायचा. 'बऱ्याच लोकांचं बघायचे' नको. किती लोकांचं? दोन डायरेक्टरांची वेळापत्रकं आणि वर्षाला पंधरा-सोळा परदेश दौरे. हे तिने वह्यांतून मोजून काढलं आणि स्वतःच चकित झाली.

सगळ्यात अवघड दुपार होती ती गुपितांची. ती एकदम अडून बसली. "बाई, माझं खरं काम सांगताच येत नाही. दोन भावांचं भांडण चालू होतं तेव्हा कोणाचा फोन कधी जोडायचा हे मीच बघत होते. ते कसं सांगू?"

खरंच आहे. 'सेक्रेटरी' या शब्दाच्या पोटातच 'सीक्रेट' आहे. तिची निम्मी किंमत तिच्या न बोलण्यात आहे, आणि मुलाखतीत तर बोलायचं आहे. जुन्या साहेबांच्या घरातली गोष्ट सांगून ती स्वतःची किंमत दाखवायला गेली, तर समोरचा मनात म्हणणार, उद्या ही माझंही असंच सांगेल. आम्ही बराच वेळ यावर घालवला. शेवटी असं ठरवलं (ठरलं नाही, ठरवलं!) की माणसं आणि मजकूर काढून टाकायचा, फक्त कामाचा आकार ठेवायचा. 'दोन वरिष्ठांमध्ये मतभेद होते, दोघांचीही कागदपत्रं माझ्याकडे येत होती. एकाचं दुसऱ्याला कधी कळलं नाही, आणि दोघांचंही काम अडलं नाही. याहून जास्त मी सांगू शकत नाही, तुम्ही समजून घ्याल.' माझ्या मते हे शेवटचं वाक्यच तिचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र आहे. ते ऐकून ज्याला राग येईल त्याच्याकडे तिने नोकरी करूच नये.

'तुमची एखादी चूक सांगा' असंही विचारतात म्हणे. तिने आधी "जास्त काम करते ही माझी चूक" असलं काहीतरी कुठेतरी वाचलेलं उत्तर दिलं. मी डोळे वटारले. मग खरी चूक निघाली. २०११ साली साहेबांचं विमान १५ तारखेला रात्री साडेबाराचं होतं. हिने डायरीत १५ लिहिलं, ड्रायव्हरला १५ च्या रात्रीचं सांगितलं. म्हणजे विमान आदल्याच रात्री उडून गेलेलं! तेव्हापासून ती मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक प्रवासाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिते, '१४ च्या रात्री जेवून निघणे'. चौदा वर्षांत परत असं झालं नाही. हे ती लपवत होती. मी म्हटलं, अगं, हेच सांग. जिने विमान चुकवलंय तीच पुढचं चुकवू देणार नाही.

आणि हल्लीचा प्रश्न, जो दोन्ही ठिकाणी तिला विचारला होता: हे सगळं आता कॉम्प्युटर करतो, एआय करतं, मग तुमची गरज काय? तिथे ती गप्प बसली होती. मला त्यातलं फारसं कळत नाही, नातवाने दाखवलं तेवढंच. पण तिनेच विचार करून उत्तर काढलं आणि ते मला आवडलं. "मोकळी वेळ कुठे आहे ते कॉम्प्युटर सांगतो. कोणती वेळ मोकळी ठेवायची ते मी सांगते." साहेबांच्या आईचं श्राद्ध असतं त्या आठवड्यात ते चिडचिडे असतात, त्या दिवसांत ती पगारवाढीची फाईल पुढे ठेवत नसे. हे कुठल्या कॅलेंडरात लिहिलेलं नसतं. मीटिंगचं इतिवृत्त यंत्राने लिहून दिलं तरी 'बघू' म्हणजे हो की नाही, हे साहेबांच्या बाबतीत तिलाच माहीत होतं.

मुलाखत घेणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात, पण ते कशाला हे वाचतील? एका ठिकाणी तिला विचारलं, "घरी कोण कोण असतं? उशिरापर्यंत थांबाल ना?" आणि कामाबद्दल एकही प्रश्न नाही! मग त्यांना तरी तिचं काम कसं कळणार? मी तिला सांगितलं, तूही विचार. आधीची असिस्टंट का गेली? साहेबांची ईमेल कोण उघडतं? त्यांच्या वतीने 'नाही' म्हणायचा अधिकार मला असेल का? शेवटचा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "बाई, हे विचारायचं धाडस होणार नाही." पण गेल्या मंगळवारी तिसरी मुलाखत झाली, बाणेरला, आणि तिने विचारलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजच वेगळा होता. पासपोर्टचं सांगितलं, विमान चुकल्याचं सांगितलं, तेव्हा समोरच्या बाई हसल्या म्हणे, त्यांचंही एकदा तसंच विमान चुकलं होतं. पंचावन्न मिनिटं बोलत होते. गुपिताचं वाक्यही म्हणाली. मी इकडे खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

"आणि शेवटी पगाराची अपेक्षा विचारली."

"मग? काय सांगितलंस?"

जरा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुम्ही द्याल ते, म्हटलं."

मी कपाळावर हात मारला. तिला ऐकू गेला असावा.

दुसरी फेरी येत्या शुक्रवारी आहे. त्या आधी गुरुवारी ती येणार आहे. वही-पेन नको म्हणून सांगितलंय. फक्त एक आकडा ठरवून यायचा, आणि माझ्याकडे बघत, मान खाली न घालता, तो मोठ्याने म्हणायचा. वीस वेळा म्हणावा लागला तरी चालेल, मी चहा ठेवून बसणार आहे.